आधी वॅट, मग कार्ड

महाराष्ट्रातल्या विधानसभा मतदारसंघांची यादी अक्कलकुव्यापासून सुरू होते आणि अक्कलकुव्यातल्या मतदान केंद्रांची यादी मणिबेलीपासून. म्हणून निवडणूक आली की नंदुरबार जिल्ह्यातल्या, नर्मदेच्या काठावरच्या या छोट्या आदिवासी गावाचं नाव वर्तमानपत्रांत झळकतं. राज्याचं पहिलं मतदान केंद्र, तिथं बोटीनं जाणारे कर्मचारी, असं सगळं छापून येतं. निकाल लागले की पुन्हा सामसूम. सरदार सरोवराची भिंत इथून काही किलोमीटर खाली, गुजरातेत आहे. त्याच परिसरात, केवडियाला, २०१८ पासून १८२ मीटर उंचीचा पुतळा उभा आहे.

मतदान केंद्रांच्या यादीत पहिलं येण्याच्या कितीतरी आधी मणिबेली एका वेगळ्या यादीत पहिलं आलं होतं. सरदार सरोवराच्या बुडितात जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या ३३ गावांमध्ये त्याचा पहिला नंबर लागला. १९९३च्या पावसाळ्यात घरांना पाणी लागलं. त्याआधी जागतिक बँकेनं १९८५ साली या प्रकल्पाला ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. विरोध वाढल्यावर मोर्स समिती नेमली गेली, १९९२ साली तिनं प्रकल्पावर प्रखर टीका करणारा अहवाल दिला आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारनं उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. १९९४ साली जगभरातल्या संघटनांनी मोठ्या धरणांना जागतिक बँकेनं पैसा देणं थांबवावं अशी मागणी करणारं निवेदन काढलं, त्याचं नावच ‘मणिबेली जाहीरनामा’. वीज कुणासाठी, किती आणि कुणाच्या जिवावर, हे प्रश्न या गावाच्या नावानं जगापुढे गेले.

आता एवढी पार्श्वभूमी सांगून मी घरच्या संगणकासाठी स्वस्तातलं ग्राफिक्स कार्ड कसं निवडावं, यावर येणार आहे. हे वळण काहींना विचित्र वाटेल. पण ग्राफिक्स कार्ड ही घरातल्या संगणकातली सर्वांत जास्त वीज खाणारी वस्तू, आणि ते निवडताना विजेचा विचार सर्वांत शेवटी होतो. बहुतेकांचा होतच नाही. माझं म्हणणं एवढंच, की हा क्रम उलटा करावा. तसं केलं तर पैसेही वाचतात आणि डोकेदुखीही.

सत्तावीस टक्के

नर्मदा पाणी तंटा लवादानं १९७९ साली निवाडा दिला. त्यानुसार सरदार सरोवराच्या विजेतले ५७ टक्के मध्य प्रदेशाला, २७ टक्के महाराष्ट्राला आणि १६ टक्के गुजरातला मिळायचे. नदीपात्रातलं वीजघर १,२०० मेगावॅटचं, कालव्याच्या मुखावरचं २५० मेगावॅटचं. एकूण १,४५० मेगावॅटमधले महाराष्ट्राचे झाले साधारण ३९१ मेगावॅट. खेळ चालू असताना एक मध्यम गेमिंग संगणक मॉनिटरसकट ३०० वॅट घेतो असं धरलं, तर दोन्ही वीजघरं पूर्ण क्षमतेनं चालत असताना या वाट्यावर एका वेळी तेरा लाख संगणक चालतील.

आता दुसरं टोक पाहा. मणिबेलीच्याच जिल्ह्यात, धडगाव तालुक्यातल्या बिलगावला, केरळहून आलेल्या ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’च्या तंत्रज्ञांनी आणि गावकऱ्यांनी श्रमदान करून उदई नदीच्या धबधब्यावर एक छोटा जलविद्युत प्रकल्प उभारला. २००३ साली तो सुरू झाला. क्षमता होती १५ किलोवॅट. त्यावर पाड्यापाड्यांत दिवे लागले. २००६च्या पावसाळ्यात पुराच्या आणि धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यानं तो गिळला. एनव्हिडियाचं आजचं सर्वांत महाग घरगुती कार्ड, आरटीएक्स ५०९०, एकटं ५७५ वॅट घेतं. अशी सव्वीस कार्डं एका वेळी चालवली की बिलगावचा सगळा प्रकल्प संपला.

कुणी खेळ खेळू नये, असं यातून सुचवायचं नाही. वॅट ही मोजायची गोष्ट आहे, एवढंच या आकड्यांतून डोळ्यांपुढे यावं.

कार्ड लागतं का?

तालुक्याच्या गावात संगणक कशासाठी घेतला जातो? पोरांचा अभ्यास, ऑनलाइन अर्ज, टॅली, पत्रिका आणि फ्लेक्सचं डिझाइन, लग्नाचे अल्बम, लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग, आणि खेळ. यातल्या पहिल्या पाच-सहा कामांना वेगळं कार्ड लागत नाही. कोरलड्रॉमध्ये वीस फुटी फ्लेक्स हलवताना संगणक अडखळतो, तेव्हा बहुधा रॅम कमी पडत असते किंवा जुनी हार्डडिस्क रडत असते. तिथं कार्ड लावून काही होत नाही. एसएसडी लावली की होतं.

प्रोसेसरच्या आतच ग्राफिक्स असेल तर सुरुवात त्यावरच करावी. एएमडीच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाशेवटी ‘जी’ असतो, उदाहरणार्थ २०२१चा रायझन ५ ५६००जी किंवा २०२४चा ८६००जी, त्यांचं अंगभूत ग्राफिक्स बरंच दमदार आहे. व्हॅलोरंटसारखे हलके ऑनलाइन खेळ, जुना जीटीए ५, हे त्यावर सेटिंग उतरवून चालतात. उलट इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नाही. पाचशे-हजार रुपये वाचवण्यासाठी दुकानदार ‘एफ’ सुचवतो आणि मग पडदा दिसावा म्हणून तीन-चार हजारांचं कार्ड घ्यावंच लागतं. पहिला सापळा तो.

अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ते संगणकाची रॅम वापरतं. ही रॅम एकाच काडीची असेल तर डीडीआर४-३२०० वर सेकंदाला २५.६ गिगाबाइट एवढाच ओघ मिळतो, दोन काड्या लावल्या की ५१.२. एका काडीवर खेळ चालवणं म्हणजे विहीर भरलेली असताना एकाच पोहऱ्यानं पाणी शेंदणं. आठ जीबीची दुसरी काडी लावल्यावर कित्येकांना कार्डाची गरज उरत नाही. आणि या काडीचा वीजखर्च दोन-चार वॅट. २०२५च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार उचलल्यामुळे रॅमचे भाव कडाडले, तरी सर्वांत स्वस्त सुधारणा म्हणून मी अजूनही आधी तिचीच किंमत काढायला सांगेन.

व्हिडिओ एडिटिंग नियमित चालतं, ब्लेंडरसारखं थ्रीडी शिकायचं आहे, किंवा नवे खेळ खेळायचेच आहेत, तर मात्र वेगळं कार्ड हवं.

पंचाहत्तरची रेष

मदरबोर्डवरच्या ज्या लांब खाचेत कार्ड बसतं, ती पीसीआय एक्स्प्रेसची खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देते. यापुढे कार्डाला वीज हवी असेल तर एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, वेगळी वायर लावावी लागते. सहा पिनांची वायर आणखी ७५ वॅट देते, आठ पिनांची १५०. बजेट कार्डांच्या दुनियेत ही ७५ची रेष सर्वांत महत्त्वाची आहे. किमतीपेक्षाही.

कारण घरात आधीच असलेल्या संगणकाचा एसएमपीएस कसा असतो? कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, वर ‘४५० वॅट’ लिहिलेला आणि हातात घेतला तर हलका लागणारा. त्यात आठ पिनांची वायरच नसते, किंवा असली तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. हल्ली मुंबई-पुण्याहून, सुरतेहून मोठ्या प्रमाणात येणारे रिफर्बिश्ड ऑफिस संगणक, म्हणजे डेल ऑप्टिप्लेक्स किंवा एचपीचे पातळ डबे, यांत एसएमपीएस १८० ते २४० वॅटचा असतो, तोही कंपनीच्या खास मापाचा. बाजारातला दुसरा बसत नाही. त्यांच्या पातळ कॅबिनेटात अर्ध्या उंचीचं, म्हणजे लो प्रोफाइल कार्डच मावतं.

अशा संगणकासाठी रेषेच्या आतली कार्डं पाहू.

जीटी ७१० आणि जीटी ७३० ही दोन नावं छोट्या शहरांतल्या दुकानांत अजून दिसतात. दोन्ही २०१४च्या आसपासची. ७१० फक्त १९ वॅट घेतं, पण आजच्या प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स त्याच्यापेक्षा जोरदार आहे. या पिढीसाठी खेळांच्या ड्रायव्हरची सुधारणा एनव्हिडियानं २०२१ सालीच थांबवली. जुना ‘एफ’ प्रोसेसर असेल, पडदा दिसण्यापुरतं हवं असेल, तर ७१० ठीक. ‘गेमिंग कार्ड’ म्हणून कुणी दिलं तर निघून यावं.

जीटी १०३०ची गोष्ट अधिक शिकवणारी आहे. २०१७ साली ते आलं तेव्हा त्यावर जीडीडीआर५ मेमरी होती, ओघ सेकंदाला ४८ गिगाबाइट. २०१८ साली त्याच नावानं डीडीआर४ची आवृत्ती आली, ओघ १६.८. नाव तेच, खोकं जवळपास तेच आणि खेळातला वेग निम्म्याच्या आसपास. खोक्यावर बारीक अक्षरात मेमरीचा प्रकार लिहिलेला असतो. तो वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

जीटीएक्स १०५० टीआय (२०१६) आणि जीटीएक्स १६५० (२०१९) ही दोन्ही ७५ वॅटची, चार जीबीची कार्डं भारतातल्या हजारो घरांत चालली. १०५० टीआयच्या पिढीला मिळणारे खेळांचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. आता काही वर्षं फक्त सुरक्षेपुरती दुरुस्ती येईल. त्यामुळे आज ते नवं घेण्यात अर्थ नाही. कुणी ओळखीतला अगदी स्वस्तात देत असेल तर वेगळी गोष्ट. १६५० अजून चालतं, पण चार जीबी मेमरी नव्या खेळांना अपुरी पडू लागली आहे.

या रेषेच्या आत आजचं सर्वांत कामाचं कार्ड म्हणजे आरटीएक्स ३०५०ची सहा जीबीची आवृत्ती. २०२४च्या फेब्रुवारीत आली, ७० वॅट घेते, वेगळी वायर नको आणि काही कंपन्या ती लो प्रोफाइल मापातही देतात. पण इथंही नावाचा घोळ आहे. २०२२च्या आठ जीबीच्या ३०५०ला १३० वॅट लागतात, तिच्यात प्रक्रियेचे घटक २,५६० आहेत आणि मेमरीची वाट १२८ बिटची. सहा जीबीवाल्या ३०५०त घटक २,३०४ आणि वाट ९६ बिटची. म्हणजे फक्त मेमरी दोन जीबीनं कमी झालेली नाही, सगळं कार्डच एक पायरी खाली आहे. पण वीज जवळपास निम्मी. माझ्या मोजपट्टीवर ही घसरण परवडते.

एएमडीचं आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅट घेतं आणि ऑफिसच्या जुन्या डब्यासाठी बरेच जण तेच सुचवतात. त्यात मेख अशी, की ते मदरबोर्डशी फक्त चार मार्गांनी बोलतं. नव्या, चौथ्या पिढीच्या खाचेत हे खपून जातं. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या खाचेत तो ओघ निम्मा होतो आणि खेळ अडखळतात. नेमक्या ज्या जुन्या संगणकासाठी ते घेतलं जातं, तिथंच ते लंगडं पडतं. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे एडिटिंगवाल्यानं त्याच्याकडे बघूसुद्धा नये. इंटेलचं आर्क ए३८० उलट व्हिडिओच्या कामात गुणी आहे, ७५ वॅट आणि सहा जीबी. पण त्याला मदरबोर्डमध्ये ‘रिसाइझेबल बार’ नावाची सोय लागते. ती नसलेल्या जुन्या संगणकात त्याचा वेग फार पडतो.

रेषेच्या पलीकडे

नवा संगणक बांधायचाच असेल आणि कार्डासाठी पंचवीस-तीस हजार बाजूला काढता येत असतील, तर पर्याय वाढतात. आरटीएक्स ५०५० (२०२५, आठ जीबी, १३० वॅट), आरटीएक्स ५०६० (१४५ वॅट), इंटेलचं आर्क बी५८० (डिसेंबर २०२४, बारा जीबी, १९० वॅट). घरचा मॉनिटर साधा १०८०पीचा असेल तर यातलं कुठलंही पुरून उरेल.

या कार्डांची अमेरिकेतली किंमत ऐकून इथं लोक चिडतात. ५०५० आणि बी५८० तिकडे २४९ डॉलरला जाहीर झाली. डॉलर ८८ रुपये धरला तर हे होतात २१,९००. पण अमेरिकी किंमत करापूर्वीची असते. आपल्याकडचा १८ टक्के जीएसटी लावला की आकडा २५,८०० च्या पुढे जातो, आणि आयातदार, वितरक, दुकानदार यांचा हात लागायचा बाकीच असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जाऊन दोन तास घासाघीस केली तरी हे गणित फारसं हलत नाही.

जुनं कार्ड हा दुसरा मार्ग. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनानं आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर चालणारं त्याचं मायनिंग रातोरात संपलं. वर्षानुवर्षं अहोरात्र राबलेली कार्डं बाजारात आली. मायनिंगचं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण त्याचे पंखे आणि थर्मल पेस्ट थकलेली असते. घेताना ते समोर लावून अर्धा तास खेळ चालवून पाहावा, बिल मागावं, कार्डावरचा सिरियल नंबर बिलाशी ताडून वॉरंटी उरली आहे का हे बघावं. बनावट कार्डंही फिरतात. जुन्या चिपचं बायोस बदलून तिला १०५० टीआय म्हणून खपवण्याचे प्रकार इतके झाले, की ‘जीपीयू-झेड’ या मोफत प्रोग्रॅमनं २०१८ पासून अशी कार्डं ओळखून नावाआधी ‘फेक’ दाखवायला सुरुवात केली. एवढी तपासणी पाच मिनिटांत होते.

नंदुरबारच्या माणसाला अजून एक गोष्ट विचारावी लागते. ताप्ती मार्गावरची गाडी पकडली की सुरतेचा बाजार जवळ, मुंबई लांब. पण कार्ड बिघडलं तर ते जमा कुठं करायचं? कुरिअरचा खर्च कुणाचा? बदलून किती दिवसांत येणार? हजार रुपये जास्त घेऊन स्वतः पाठवणारा गावातला दुकानदार अशा वेळी स्वस्त पडतो.

लाइट गेल्यावर

शहरातल्या परीक्षणांत कधीच न येणारा भाग हा. आपल्याकडे लाइट जाते, व्होल्टेज खाली-वर होतं आणि उन्हाळ्यात नंदुरबारचा पारा चाळिशीच्या पुष्कळ वर जातो.

घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस. हे ६०० म्हणजे वॅट नव्हेत. तो साधारण ३६० वॅटच पेलतो. १४५ वॅटचं कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर मिळून खेळ रंगात आला की तिथवर भार पोचू शकतो. शिवाय चांगल्या एसएमपीएसमध्ये ‘ॲक्टिव्ह पीएफसी’ असतं आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की चौकोनी लाटेची वीज देतो. या दोघांचं काही वेळा जमत नाही, लाइट जाताच यूपीएस ओरडतो आणि संगणक धाडकन बंद. महागडं कार्ड घेऊन यूपीएस जुनाच ठेवणाऱ्यांना हा प्रसाद मिळतो.

इन्व्हर्टरचा हिशेब करून पाहा. १५० अँपिअर-अवर, १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरावी, त्यात इन्व्हर्टरची गळती गेली. हातात येतात साडेसातशेच्या आसपास. २५० वॅटचा संगणक त्यावर तीन तास चालेल, आणि घरातले पंखे बंद ठेवावे लागतील. सौर पॅनेलवर तर हिशेब अजून कडक. शंभर वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला चारशे-साडेचारशे वॅट-तास देतं. ७० वॅटचं कार्ड घातलेला, एकूण १७० वॅटचा संगणक त्यावर अडीच तास चालतो. पंधरा-वीस वॅटचा मिनी पीसी किंवा लॅपटॉप मात्र दिवसभर चालून वर दिव्यांना वीज उरते. नर्मदाकाठच्या सौर पॅनेलवर चालणाऱ्या शाळेत किंवा घरात संगणक न्यायचा असेल तर तिथं ग्राफिक्स कार्डाचा विषयच काढू नये.

आणि महावितरणचं बिल. ३०० वॅटचा संगणक रोज चार तास चालला की महिन्याला ३६ युनिट. आकडा लहान वाटतो. पण घरगुती वीजदराचे टप्पे १०० आणि ३०० युनिटांवर बदलतात. नव्वद युनिटांत भागणारं घर या छत्तीसनं पहिला टप्पा ओलांडतं आणि वरच्या युनिटांचा दर एकदम चढतो. तेच काम १७० वॅटच्या संगणकावर केलं तर वीस युनिट लागतात.

उष्णतेचंही तसंच. कार्डानं घेतलेला प्रत्येक वॅट शेवटी खोलीत उष्णता म्हणून बाहेर पडतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत १९० वॅटचं कार्ड चालवणं म्हणजे एक छोटा हीटर लावून बसणं. कार्ड फार तापलं की ते जीव वाचवायला आपणच वेग कमी करतं. म्हणजे जास्त वॅटचे पैसे मोजून शेवटी कमी वॅटचाच वेग मिळतो. धुळीनं पंखे भरले तर आणखीच. दिवाळीच्या साफसफाईत कॅबिनेट उघडून ब्लोअर मारणं हा सगळ्यात स्वस्त ‘ओव्हरक्लॉक’ आहे.

निवडीचा क्रम

तर दुकानात जाताना क्रम असा ठेवावा. आधी काम लिहून काढा. अंगभूत ग्राफिक्स आणि रॅमची दुसरी काडी यांनी ते भागतं का, ते बघा. भागत नसेल तर कॅबिनेट उघडून एसएमपीएसवरचं लेबल आणि त्याच्या वायरी पाहा. चांगल्या कंपनीचा, आठ पिनांची वायर असलेला एसएमपीएस नसेल, तर पंचाहत्तरच्या रेषेच्या आतच राहा. सहा जीबीची ३०५० घ्या. रेषा ओलांडायची तर बजेटमध्ये एसएमपीएस आणि यूपीएस दोन्ही धरा. अमुक कार्ड किती फ्रेम देतं हा प्रश्न यानंतरचा.

फ्रीज किंवा एसी घेताना आपण ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारे मोजतो. दुकानदारही तारे दाखवूनच विकतो. घरातल्या संगणकाला हीटर बनवू शकणाऱ्या ग्राफिक्स कार्डावर असा एकही तारा नसतो. खोक्याच्या दर्शनी बाजूला ड्रॅगन, रोबो आणि जीबीचे मोठे आकडे; ते किती वॅट खातं हे मात्र मागच्या बाजूला किंवा कंपनीच्या तपशिलात शोधावं लागतं. तारे येतील तेव्हा येतील. तोवर गिऱ्हाईकानं दुकानात पहिला प्रश्न ‘किती जीबी?’ ऐवजी ‘किती वॅट?’ असा विचारायला लागावं. पाच गिऱ्हाईकांनी विचारला की सहाव्याला तो आकडा दुकानदार आपण होऊन सांगेल. बाजार असाच शिकतो.